दुसरा चंद्र

दोन हजार एकोणीस साल होतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये फुगवायचं तारांगण आलं होतं. आत दोन चंद्रांच्या राज्याचं आकाश दाखवणार होते. त्या काल्पनिक राज्याच्या गोष्टींची संगमेशनं लहानपणी पारायणं केली होती. आता त्याची नजर झपाट्यानं चालली होती. ती पुरती जायच्या आत पोरानं ते आकाश एकदा बघावं, म्हणून रत्नव्वा लेकाला घेऊन जयसिंगपूरहून आली होती.

दिवे मालवले. “आता दोन्ही चंद्र उगवत आहेत,” निवेदकाचा आवाज घुमला.

“दिसतंय न्हवं रं?” रत्नव्वानं हळूच विचारलं.

“व्हय की अव्वा, झ्याक दिसतंय. दुसरा जरा हिरवट हाय बघ.”

वर मिट्ट काळोख होता. आवाज आधी सुरू झाला होता, चित्र अजून यायचं होतं.

रत्नव्वा त्या काळोखाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “व्हय रं. हिरवटच हाय.”

संगमेश आता मिरजेच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. रत्नव्वा गेल्या वर्षी गेली. त्या दिवशी अव्वाला काही कळलं नाही, एवढं समाधान त्यानं अजून जपून ठेवलं आहे.