ग्रीसमधली भुकटी

"स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे ओढा, दाजी, आणि अगदी हळू गोल फिरवा!" मिस्त्री ओरडला.

गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत सोळा वर्षांची जुनी गाडी गोल फिरली आणि डाव्या चाकातून टक, टक, टक असा आवाज यायला लागला. मिस्त्रीने हात वर करून ती थांबवली.

"ॲक्सलचा जॉइंट गेला. चाकाजवळचा," तो म्हणाला. "पण दोन वर्षांपूर्वी मीच नवीन घातलाय की! गाडी कुठे कुठे फिरवता हो?"

"मी कुठे फिरवणार?" दाजी काच पुसत म्हणाले. "ऑफिसला बसने जातो. रविवारी बाजार, झालं. तुझी ताई तर म्हणत होती, दुसऱ्या कुणाकडे टाका, त्याला कशाला त्रास. मीच म्हटलं, घरचा मिस्त्री असताना परक्याच्या दारात का जायचं?"

मिस्त्री हसला. ताई तशीच. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला तिनेच वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्नसुद्धा लांबवलं.

दाजी बस पकडायला गेले. मिस्त्रीने जॅक लावला, चाक काढलं आणि तोंड फिरवलं. शी! जॉइंटवरचं रबर फाटून आतलं ग्रीस चहूकडे उडालेलं. स्प्रिंगवर, ब्रेकवर, सगळीकडे काळा चिकट राडा. त्याने नाक मुरडत चिमूटभर ग्रीस बोटांत चोळलं. खरखर लागली. फडक्यावर पुसलं तर त्यात बारीक पांढरी भुकटी.

ही भुकटी त्याच्या ओळखीची होती. गावाबाहेर बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिच्या रस्त्यावर असली धूळ उडते. आणि त्या रस्त्यावर आता एकच गोष्ट उरलीय, तासावर खोल्या देणारं लॉज. तिथे लोक कशाला जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लॉजचं आवार इतकं अरुंद, की आत शिरताना आणि निघताना स्टिअरिंग पार टोकापर्यंत ओढावं लागतं. जॉइंट जाणार नाही तर काय होणार?

'छे, दाजी तसे नाहीत,' असं म्हणत त्याने दार उघडून मीटर पाहिलं. मागच्या वेळी ऑइल बदललं तेव्हाचा आकडा त्यानेच दाराच्या कडेला लिहून ठेवला होता. तीन महिन्यांत चार हजार किलोमीटर! रविवारचा बाजार काय चंद्रावर भरतो?

वर गाडीत गोडसर अत्तराचा वास. ताईने जन्मात पावडरीपलीकडे काही लावलेलं नव्हतं. आणि घरात गाडी चालवणारं दुसरं आहे कोण? ताई तर सायकलवरूनही पडायची.

मिस्त्रीला शिसारी आली. काय तो मवाळ आवाज, काय ते बसचं नाटक! वरून कीर्तन, आतून तमाशा. या माणसाच्या ताटाला ताट लावून आपण जेवलो, याचीसुद्धा त्याला किळस वाटली.

तरी काम अर्धवट टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. चाकाचा मोठा नट सोडवला, ॲक्सल ओढून काढला, हातोडीने ठोकून जॉइंट वेगळा केला. आतल्या स्टीलच्या गोळ्यांना खड्डे पडलेले. रॉकेलने सगळं धुतलं, नवा जॉइंट बसवला, त्यात ताजं ग्रीस ठासलं, वर नवं रबर चढवून पट्ट्या आवळल्या. मग पुन्हा गोल फिरवून पाहिली. एक आवाज नाही. त्याने साबणाने तीनदा हात धुतले, तरी ते घाणच वाटत राहिले.

सांगितलं तर ताईचा संसार मोडणार. नाही सांगितलं तर ती बिचारी त्याच माणसाची उष्टी काढत बसणार. दुपारी त्याने डबा उघडलाच नाही. चार वाजता तो गाडी घेऊन सरळ तिच्या घरी गेला.

"इतक्यात झाली?" ताईने दार उघडलं. "बस, चहा टाकते."

"चहा नको. ताई, मन घट्ट कर." त्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि एका दमात सगळं ओकला. भुकटी, लॉज, चार हजार किलोमीटर, अत्तर. "असल्या माणसाचं तोंड बघायची लाज वाटते मला. तू कपडे भर आणि माझ्याकडे चल. बघतो त्याला मी!"

ताई रडली नाही. उठली, रस्त्याकडची खिडकी लावून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"त्यांच्याशी बोललास यातलं काही?"

"अजून नाही. म्हटलं, आधी तुला सांगावं."

ताईने सुटकेचा श्वास टाकला आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मग आता बोलूही नकोस रे. त्यांना यातलं काही माहीत नाही."