उजेडाची शेवटची रेघ

सासरेबुवांनी जावयाला शाबासकी दिली. यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, कारण लग्नापासून तोवर असं कधी घडलेलं नव्हतं.

जावयाने घरीच प्लायवूडची, आत झोपता येईल अशी कॅम्पर गाडी बनवली, तेव्हाही ते म्हणाले होते, "बादलीभर पाणी पडू दे, फुगून ढोल होईल!"

जावई इरेला पेटला. गाडीत शिरून त्याने दार लावून घेतलं आणि अंधारात जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे इपॉक्सीचा गोंद भरत सुटला. शेवटची रेघ दाराभोवती होती. तीही त्याने मन लावून बुजवली.

इपॉक्सी दगडासारखा वाळल्यावर सासऱ्यांनी चारी बाजूंनी पाइपने पाणी मारलं.

"आला का थेंब?"

"एकही नाही!" जावई आतून अभिमानाने ओरडला आणि दार उघडायला गेला.

दार हललंच नाही.

"बाबा, फोडा ते दार, हे अडकलेत आत!" लेक कळवळली.

"फोडायचं? शाब्बास जावईबापू! जन्मात पहिल्यांदा एक काम धड केलंय यांनी. कुणी हात लावून तर बघा!"

आतून जावई खाकरला आणि अर्ज वाचावा तसा म्हणाला,



"महोदय, सदर वाहनास दरवाजाच्या आकाराची एक गळती तातडीने मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."