तुरटीचं पाणी

पुनमने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ती दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

ग्रंथपाल मोहिनीताईंनी ते उचललं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच आग्रह करून हे तिच्या हातात दिलं होतं. माणसाचा मेंदू नवं कसं शिकतो, सवयी कशा लागतात आणि कशा सुटतात, ते सोप्या मराठीत सांगणारं, गेल्याच वर्षी आलेलं पुस्तक. तेव्हा ते बोटभर जाड होतं. आता पुरीसारखं टम्म फुगलं होतं. पानापानावर काळपट डाग, आणि डागांभोवती कागद सुरकुतलेला.

“चीक पडला ताई,” पुनम म्हणाली. “केयीचा. मंग मी तुरटीच्या पाण्यानं पुसलं.”

मोहिनीताईंना हसावं की रडावं ते कळेना. पुनम रावेरजवळच्या एका पॅकिंग हाऊसमध्ये कामाला होती. घडावरून केळीच्या फण्या कापायच्या, चीक निघावा म्हणून तुरटीच्या पाण्यात बुडवायच्या आणि खोक्यात भरायच्या, हे तिचं दिवसभराचं काम. केळीला चालतं ते पुस्तकालाही चालेल, असं तिला वाटलं. हे डोकं रावेर सोडून दुसरीकडे चाललं नसतं.

थोडा वेळ मिळाला असता तर मोहिनीताईंनी काहीतरी मार्ग काढला असता. पण अकरा वाजले होते, आणि अकराला वाचनालयाचे अध्यक्ष जीवराम नाना पेपर वाचायला येत. ते आलेच.

नानांची केळीची बाग मोठी, आवाज त्याहून मोठा. विज्ञानाची आणि माणसानं स्वतःला कसं घडवावं याची नवी पुस्तकं घेऊ या, असं मोहिनीताईंनी सुचवलं, तेव्हा “कोण वाचीन ते?” असं त्यांनी भर बैठकीत विचारलं होतं. शेवटी हो-ना करता करता नऊ पुस्तकं आली. आठ अजून कपाटात होती, हात न लागलेली. नववं हे.

नानांनी पुस्तकाकडे पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं. “पाटी वाच.”

पुनमने वाचली. “पुस्तक खराब करणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल.”

“मंग? ठेव कार्ड.”

तिने पर्समधून कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं, पण त्यावरचं बोट काही उचललं नाही. “नाना, कार्ड माझं एकटीचं हाये. पण वाचणाऱ्या आम्ही चौदा जणी. हे गेलं तर बठ्ठ्यायचं वाचणं बंद पडीन.”

“चौदा? काहीबी फेकते का?” नानांनी पुस्तक ओढून घेतलं आणि नासाडी दाखवायला एकेक पान उलटू लागले.

उलटता उलटता त्यांचा हात मंदावला. माणसाची चाळीस वर्षं केळीत गेलेली. चिकाचा थेंब कसा पसरतो आणि बोट कसं उमटतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हे थेंब नव्हते, अंगठे होते. एक रुंद, एक बारीक, एक भेगा पडलेला. जिथे धरून पान उलटतात तिथेच, पहिल्या पानापासून पुढे.

“जेवणाच्या सुट्टीत वाचतो,” पुनम म्हणाली. “मी मोठ्यानं वाचते, बाकीच्या पाळीपाळीनं पान उलटतात. जी उलटीन तिनं सांगायचं, यातलं काय पटलं अन् काय नाही. मेंदू कोणत्याबी वयात शिकतो असं आलं त्यात, तर आमच्यातली ताईबाई म्हणे, खोटं हाये.”

“आमच्या मळ्यात व्हती ती ताईबाई?”

“तीच.”

नाना पहिल्यांदाच हसले. ताईबाई त्यांच्या मळ्यात वीस वर्षं राबली होती. मजुरीच्या दिवशी वहीत तिचा अंगठा त्यांनीच धरून उठवला होता. “बरोबर म्हणे ती. साठीची बाई. तिले काय शिकवीन पुस्तक!”

पुनमने मान खाली घातली. नानांनी उरलेली पानं उलटली. अंगठे शेवटपर्यंत होते. त्यामागचं पान कोरं असायला हवं होतं. त्यावर निळ्या बॉलपेननं, दोन ओळींत, मोठी वाकडीतिकडी अक्षरं होती.

खोटं नाही.
ताईबाई.

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच होती.

“बाकी बठ्ठं पुसून पाह्यलं नाना,” पुनम हळूच म्हणाली. “तेवढं एक नाही पुसलं.”

 

नानांनी कार्ड पुनमकडे सरकवलं. मग उठून कपाटापाशी गेले आणि त्या आठ पुस्तकांसमोर उभे राहिले.

“मोहिनीताई, ताईबाईले यातलं कोणतं झेपीन?”

“खालचं, डावीकडचं. मातीतल्या जिवाणूंवरचं आहे. अक्षर मोठं आहे, चित्रंही आहेत.”

नानांनी ते काढलं. मधेच उघडून अक्षर पाहिलं, एक पान वाचलं, दुसरंही वाचलं. पेपर टेबलावर तसाच पडला होता. मग त्यांनी पुस्तक पुनमच्या हातात दिलं.

“घेऊन जाय. चीक पडला तर पडू दे,” ते म्हणाले. “तुरटी लावू नको.”