एका पुठ्ठ्यात दोन वर्षं

संशोधक विद्यार्थिनीला १९६९चा एक लेख हवा होता, म्हणून ग्रंथालयातल्या मृदुला सबनीसांनी त्या इतिहास-त्रैमासिकाचा बांधीव खंड उघडला आणि त्या तिथेच थिजल्या. सुरुवातीचे चारही अंक १९६८चे होते. दोन वर्षं एकत्र बांधलेली, पुठ्ठ्यावर मात्र एकच साल, १९६९. सहा वर्षांपूर्वी बारकोड चिकटवताना त्यांनी आत न पाहता संगणकात तेवढंच नोंदवलं होतं.

पुढच्या मोजणीत १९६८ ‘गहाळ’ निघालं. किल्ल्या शिपाई धोत्रेमामांकडे असायच्या, त्यामुळे त्यांनीच ते रद्दीत घातलं असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. "मॅडम, एकदा तुमची नोंद बघा ना," मामा विनवत होते. "संगणक चुकत नाही, मामा," असं मृदुलाताई म्हणाल्या होत्या. मेमो मिळाला आणि मामा निरोप समारंभाशिवायच निवृत्त झाले.

आज मृदुलाताईंनी नोंद दुरुस्त केली, ग्रंथपालांना लेखी कबुली दिली. "आता कशाला उकरून काढता?" ते म्हणाले. तरीही संध्याकाळी त्या मामांच्या घरी गेल्या.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते चिडले असते तर मृदुलाताईंना बरं वाटलं असतं.

"अगं, जरा बाहेर ये," मामांनी आत बायकोला हाक मारली. मग मृदुलाताईंकडे वळून त्यांनी हात जोडले.

"मॅडम, हे हिच्यासमोर परत एकदा सांगा. माझ्या सांगण्यावर हिचासुद्धा विश्वास बसला नव्हता."