बोकडाचा हात

पडद्यावरची प्रेस खाली आली आणि बोकडाच्या हाताची पार भाकरी झाली.

कारखान्याच्या कँटीनभर हशा उठला. खिडक्यांना पोती ठोकून भर दुपारी अंधार केलेला. त्या अंधारात प्रेस खात्याच्या पहिल्या शिफ्टची माणसं बायकापोरांना घेऊन बसली होती आणि सगळी हसत होती. एकटी गिरजाबाई हसत नव्हती. तिने पदर खोचला. आता उठायचं. तेरा वर्षांपूर्वी उठली होती, तसंच.

शेजारी तिचा नवरा, कोंडाजी. उजव्या हातावर पंचा टाकलेला. घराबाहेर पडताना तो पंचा तीच टाकायची, रोज. आज त्याच्या सदऱ्याचं गळ्याचं बटण उघडं राहिलं होतं. सकाळी शेजारची शालनबाई दारातच ठाण मांडून बसली, म्हणून राहिलं. ते उघडं बटण गिरजाबाईला मघापासून खुपत होतं. पण चारचौघांत ती त्याला हात लावणार नव्हती.

अडुसष्ट साली याच कँटीनमध्ये कंपनीने पोरांना बोकडाचं कार्टून दाखवलं होतं. बोकड कसला, वंगाळ कार्टं. मास्तरची टोपी खायचा, साहेबाच्या खुर्चीवर लेंड्या टाकायचा आणि धरला की जीभ काढायचा. पोरं लोळून हसत होती. मग तो रस्त्याच्या रोलरखाली सापडला. हात चपटा झाला. त्याने एक झटका दिला, की हात पुन्हा होता तसा! कोंडाजीची चार बोटं प्रेसखाली जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. गिरजाबाई भर खेळात उठली. एका हाताने नवऱ्याला धरलं, दुसऱ्याने आठ वर्षांच्या नीलाला, आणि पडद्यासमोरून चालत बाहेर पडली. दारातून ओरडली, "माझ्या घरावर हसायला बोलावलं व्हय रं आमाला?"

त्यानंतर घरात त्या बोकडाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

नीलाने मात्र बोकड सोडला नाही. कॅलेंडरच्या पाठीवर काढला, चुलीच्या राखेत काढला. मोठी झाली तशी मुंबईला कार्टूनचे सिनेमे काढतात तिथे कामाला लागली. सुट्टीत आली की सांगायची, "आये, तिथं सगळे त्या बोकडाचेच चेले. कुणाचा हत्ती त्याच्यासारखा चालतो, कुणाचं माकड त्याच्यासारखी जीभ काढतं. त्याला बघूनच सगळे शिकले."

"मग कापा त्याला एकदाचा, आन् कायतरी चांगलं शिका," गिरजाबाई म्हणायची.

आणि आता सुरक्षा सप्ताहासाठी कंपनीने तीन मिनिटांचा सिनेमा नीलाकडूनच करून घेतला होता. पोरीने बापाचा हात पडद्यावर आणला. तोही बोकडाला लावून.

गिरजाबाईने कोंडाजीचं मनगट धरलं. "उठा."

"न्हाई," कोंडाजी म्हणाला. हा शब्द त्याने तिला उभ्या जन्मात ऐकवला नव्हता. "त्या टायमाला बी मला बघायचं व्हतं. तू बघू दिलं न्हाईस."

तिचा हात तसाच राहिला.

पडद्यावर बोकडाने हात झटकला. पुन्हा झटकला.

"झटक, लेका, झटक अजून!" पुढच्या रांगेतून इब्राहिम ओरडला. कोंडाजीच्या शेजारची प्रेस त्याची. तेव्हाही त्याची होती, अजूनही होती.

बोकडाने अजून झटकला. हात चपटाच. त्याने हाताकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. हशा विरळ होत गेला.

"येईना की राव," इब्राहिम हळूच म्हणाला. मग प्रोजेक्टरची घरघर तेवढी राहिली.

आता बोकड घरी होता. सकाळ झालेली. अंगात सदरा, बटणं उघडी. एक शेळी आली. नाक वर, पदर खोचलेला. तिने आधी दार लावलं, कडी घातली. मग त्याला भिंतीकडे वळवून त्याची बटणं लावली, खालून वर, एकेक. चपट्या हातावर पंचा टाकला. मग कडी काढली, आणि दोघं काहीच झालं नाही अशी बाहेर पडली. दुसरी सकाळ. पुन्हा कडी. तिसरी. शेळीचे केस पांढरे होत गेले, नाक तेवढंच वर राहिलं. शेवटच्या सकाळी तिची पाठ वळली तसा बोकडाने प्रेक्षकांकडे बघून जीभ काढली.

गिरजाबाईने शेळीला ओळखलं. तेरा वर्षं. डाव्या हाताने त्याला जमलं असतं. तिनेच जमू दिलं नव्हतं. कडी घातली की कुणाला दिसत नाही, असं ती धरून चालली होती. कडीच्या आत नीलाही असायची, हे तिने कधी धरलंच नव्हतं.

कँटीनमध्ये कुणी हसलं नाही. एकच जण हसला. कोंडाजी. मोठ्याने, छाती हलेपर्यंत.

पोती निघाली. ऊन आत आलं. माना मागे वळल्या. इब्राहिमची वळली, शालनबाईची वळली. पडद्यापाशी उभ्या असलेल्या नीलाने आईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

गिरजाबाई उठली. आता ही कुणाची तरी खरडपट्टी काढणार, असं सगळ्यांना वाटलं.

तिने कोंडाजीच्या हातावरचा पंचा उचलून आपल्या खांद्यावर टाकला, आणि सगळ्या खात्यादेखत त्याच्या गळ्याचं बटण लावलं.