महिन्याला एक गोल

संघदीपला फोनवर बोलायची रीत नव्हती. आईची तब्येत विचारायची नाही, गुडघ्यांचं विचारायचं नाही. महिन्यातून एकदा फोन करायचा आणि चेंडूचं पुराण लावायचं. आणि गोल झाला की आई अर्ध्या बोलण्यात असली तरी ठेवून द्यायचा.

"माय मरून राहिली असंन, तरी याले आधी गोल पायजे," पार्वताबाई म्हणायच्या.

फोन खेमराजच्या किराणा दुकानात होता, जुना, डब्यासारखा. संघदीपच्या फोनच्या दिवशी चार माणसं मुद्दाम बिडी पेटवून तिथंच रेंगाळायची. सौंदडचा पोरगा रोमानियात होता, ही काही लहान गोष्ट नव्हती. २००८ साली एका एजंटाबरोबर गेला, तो गेलाच. तिथल्या एका नव्या फुटबॉल क्लबात मैदानाचं गवत कापायचा, चुन्याच्या रेघा मारायचा. क्लबाचं नाव काही पार्वताबाईंच्या जिभेवर बसेना. त्या सरळ 'पोट्ट्याचा क्लब' म्हणायच्या.

"जयभीम माय. लय बर्फ पडून राहिला इथं. भुवया पांढऱ्या होतेत."

"मंग पुसाचं कळत नाही काय तुले?"

"पुसलं तं पुन्हा बसते."

मग मागं भोंगा वाजायचा. सुरू व्हायचा, मध्येच घुसमटायचा, पुन्हा वाजायचा.

"गोल झाला माय! ठेवतो."

पहिल्यांदा असं झालं तेव्हा पार्वताबाई बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या. खेमराजनं विचारलं, "काय झालं जी काकी?"

"गोल झाला," त्या म्हणाल्या. आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

पुढच्या वर्षी क्लबाला नवा मालक मिळाला, कोणी लाकडाचा व्यापारी. त्यानं भिंती रंगवल्या, उंच खांबांवर मोठमोठे दिवे लावले, बाहेरून गडी आणले. क्लब वरच्या गटात चढला. पार्वताबाईंनी दुकानासमोर उभं राहून जिलबी वाटली.

शेजारची अल्का जिलबी हातात घेऊन म्हणाली, "महिन्याले एक गोल, अन तेवढ्यात वर चढला? बाकीचे क्लबवाले झोपून राहतेत काय मावशी?"

"तुह्या घरचा तं गोंदियाच्या पुढं गेला नाही. खाय अन चूप राह्य."

घरी आल्यावर मात्र हे सांगायला कोणी नव्हतं. एकटीसाठी रांधलेली भाजी दोन दिवस पुरायची. नवरा गेल्यावर वीस वर्षं त्यांनी रोज पॅसेंजरनं गोंदियाला जाऊन राइस मिलमध्ये काम केलं होतं. आवारात पसरलेलं उकडलेलं धान पायांनी फिरवत दिवसभर उन्हात चालायचं. गुडघे तिथंच ठेवून आल्या. पण तेव्हा सोबतीला बाया होत्या, भांडणं होती. आता घरात शिव्या द्यायच्या तर त्या मांजरीला.

त्या फोनची वाट पाहायच्या. वाट पाहते असं मात्र कधी म्हणाल्या नाहीत.

"तुमच्या भोंग्याले दमा झाला काय बे?" एकदा त्यांनी विचारलं.

"जुना हाये माय. मालक म्हणते, चालते तवरी चालू दे."

मग मालकाचंच बिनसलं. आधी दिवे उतरवून विकले. मग बाहेरचे गडी निघून गेले. क्लब जसा चढला तसा घसरला. दुकानात रेंगाळणारी माणसंही कमी झाली. हरणाऱ्या क्लबासाठी बिडी कोण जाळणार? शेवटी शेवटी फोनच्या वेळी बाकावर एकट्या पार्वताबाई असायच्या.

"गवत कोन कापते आता?" त्यांनी विचारलं.

"कोनीच नाही. वाढून राहिलं. माय, उद्या शेवटची मॅच. मंग कुलूप."

"मंग तू?"

"पाहीन. जाईन कुठंतरी दूर. फोन जमन का नाही, सांगता येत नाही."

"घरी ये."

"कोनत्या तोंडानं येऊ? साऱ्या गावाले..."

भोंगा वाजला. घुसमटला, पुन्हा वाजला. या वेळी संघदीप गोल झाला म्हणाला नाही. नुसता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वताबाई ठेवणीतलं पातळ नेसून, फडक्यात भात-वांगं बांधून निघाल्या. खेमराज दुकान उघडत होता.

"कुठं जी काकी, येवढ्या सकाळी?"

"पोट्ट्याले आनाले."

"रोमानियाले? पॅसेंजरनं?" खेमराज हसला.

"तुह्या बापानं विमान ठेवलं काय माह्यासाठी?"

गोंदियाला उतरल्यावर त्यांनी कोणाला रस्ता विचारला नाही. पाय आपोआप चालले. एका मोठ्या फाटकासमोर त्या थांबल्या, समोरच्या कडुनिंबाखाली फडकं मांडीवर घेऊन बसल्या. भिंतीवरचा नवा रंग पोपडे होऊन सुटला होता. उंच खांबांवर नुसत्या तारा लोंबत होत्या. जिथं त्यांनी वीस वर्षं धान फिरवलं, त्या आवारात गुडघाभर गवत वाढलं होतं.

दुपार कलली. भोंगा सुरू झाला, मध्येच घुसमटला, पुन्हा वाजला.

फाटकातून मोजकीच माणसं बाहेर आली, तोंडाला दुपट्टे बांधलेली. सगळ्यांत मागं एक होता. धानाच्या कोंड्यानं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कडुनिंबाकडे पाहून तो जागच्या जागी थांबला.

पार्वताबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. जवळ गेल्या. पदरानं त्याच्या भुवया पुसल्या, एक, मग दुसरी.

"जाते की पुसलं तं! अन खोटं बोलाचं होतं, तं भोंगा तरी दुसरा पाहाचा बे. पहिल्याच गोलले ओळखला मी. चाल घरी. क्लब बुडाला, येवढंच सांगू गावाले. तू खोटारडा, अन मी तुही माय."