समोरची विंडो

नारिन शहरातल्या लोकरगोदामात महिन्याचे आकडे गायब झाले होते, आणि स्प्रेडशीटमध्ये आकडे आपोआप भरणारा मॅक्रो लिहिणाऱ्या बेगिमायला साहेब कामावरून काढायला निघाले होते. “मॅक्रो समोर असेल त्या विंडोत लिहितो, साहेब,” ती म्हणाली. “फाइलचं नाव घालायला मी विसरले.” मग ती मॅक्रो चालवणाऱ्या हिशेबनीस सायराकान एजेंकडे, म्हणजे ताईंकडे, वळली. “एजे, बटण दाबताना दुसरं काही उघडं होतं का?” कचेरीत खासगी उद्योग करणाऱ्यांची नावं साहेबांना कळवायचं काम एजेंकडेच होतं. “माझ्याकडे? छे गं!” “मग पोरी, तुझा चहाचा वाडगा उचल,” साहेब म्हणाले. बेगिमायने वाडगा पुसून पिशवीत घातला. एजेंनी एक सुस्कारा सोडला आणि स्क्रीन साहेबांकडे वळवली. लेकीला लग्नात द्यायच्या जाजमाची नक्षी त्यांनी दुसऱ्या स्प्रेडशीटच्या चौकटी रंगवून काढली होती, आणि नक्षीतल्या मेंढ्याच्या शिंगांमधोमध महिन्याचे आकडे बसले होते. “शिंगं माझी,” एजे म्हणाल्या. “आकडे हिचे, बरोबर आहेत.”